रेघ

जुन्या मॉनिटरवर एक हिरवी रेघ होती,
वरपासून खालपर्यंत, डावीकडून चार बोटं आत.
सातबारा उघडला की
ती नेमकी क्षेत्राच्या रकान्यातून जायची.
लोक काउंटरवरून वाकून विचारायचे,
"ताई, माह्या वावरातून हे काय चाललं?
कॅनल मंजूर झाला का?"

प्रिंटमध्ये नाही येत काका, मी म्हणायची.

रात्री नऊला शटर अर्धं ओढलं की
त्याच रेघेमागे शत्रू लपायचे.
तीन वर्षं मी त्यांना अंदाजानेच मारलं.
गावाला वाटते,
ताई हिशोब जुळवत बसते.

मंगळवारी दिग्रसला गेलो.
सोबत हर्षल, खोकं धरायला.
दुकानदार त्याच्याशीच बोलला,
"गेम खेळतो का बेटा? मंग हा पाह्य, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ.
ताईले ऑफिसच्या कामाले साठ बी पुष्कळ."
हर्षल पंख्याकडे पाहत राहिला.
त्याला मोबाइलवर क्रिकेट पाहतानाही झोप येते.

मी विचारलं, रिस्पॉन्स टाइम किती?
काच चमकते का,
दुपारी दारातून ऊन सरळ पडद्यावर येते.
आणि स्टँड? वरखाली होतो?
आत्ताचा दोन मतदार याद्यांवर उभा आहे,
निवडणूक लागली की बिचारा खाली बसतो.

दुकानदाराने चहा सांगितला.
तीन.

एक वाकडा होता, सत्तावीस इंची,
समोर बसलं की दोन्ही बाजूंनी जवळ घेणारा.
मन गेलं, खोटं कशाला बोलू.
मग गट नंबर एकशे बाराचा नकाशा आठवला.
ठोंबरे आणि भोयर,
एका धुऱ्यापायी अकरा वर्षं कोर्टाच्या तारखा.
त्या पडद्यावर धुरा तसूभर जरी कलला
तर ठोंबरे फोटो काढून वकिलाकडे नेईल.

सपाट घेतला. चोवीस इंची. शंभर हर्ट्झ.
एकशे चव्वेचाळीसमध्ये आणि माझ्यात
अडीच हजारांचं अंतर होतं,
आणि प्रिंटरचा टोनर सोमवारीच संपला होता.

दुकानदाराने पूर्ण पांढरा पडदा लावला.
"पाहून घ्या, एक बी डाग नाही."
मी कोपऱ्याकोपऱ्यातून पाहिलं,
नवी नवरी पाहायला आलेल्या आत्यासारखं.
नव्हता.

एसटीत खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर.
कंडक्टर म्हणे, टीव्ही का?
"ऑफिसचा आहे," हर्षल म्हणाला,
आणि माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर हसला.
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

रात्री रेघ नव्हती.
शत्रू भिंतीशी उघडे उभे,
त्यांच्या बुटांच्या नाड्यासुद्धा दिसत होत्या,
आणि मी पहिल्याच फेरीत मेली.
मान अजून आपोआप उजवीकडे कलते,
नसलेल्या रेघेच्या पलीकडलं पाहायला.
हेडफोनमध्ये टीममधला नांदेडचा पोरगा ओरडला,
"भाऊ, समोरच होता ना!"
माझा माइक नेहमी बंद असतो.

सकाळी पहिल्या आल्या गंगुबाई आत्राम,
हयातीच्या दाखल्याला.
कॅमेऱ्यासमोर बसवलं.
चेहरा पडद्यावर आला, पूर्ण,
कपाळावरचं गोंदण, डोळ्यांखालच्या पिशव्या,
हनुवटीवरचा एक पांढरा केस.
त्या खुर्चीतून उठून जवळ आल्या,
नाक टेकेल इतक्या.
"हे मीच होय का वं?
जुन्यावर त बरी दिसत होती."

मी ब्राइटनेस चाळीसवर आणली.
आता?

त्यांनी पदर सारखा केला,
पुन्हा खुर्चीत बसल्या, पुन्हा पाहिलं.

"हं. आता मीच हाये."